शुगर असणाऱ्यांची खाज मेडिकलच्या ट्यूबनं का जात नाही?

दिवाळीत मामांकडे गेलो होतो. फराळाला बसलो तर मामा दर पाच मिनिटांनी काहीतरी निमित्त काढून आत जायचे. शेवटी मामी वैतागली. "अहो, किती खाजवताय! दाखवा की कुठल्या तरी डॉक्टरला." मामा म्हणाले, "ट्यूब चालू आहे की."

ती ट्यूब आठ महिन्यांपासून चालू होती.

मामांना बारा वर्षांपासून शुगर आहे. जांघेत खाज सुटली तेव्हा त्यांनी तेच केलं जे आपल्याकडे बहुतेक जण करतात. मेडिकलमध्ये गेले, आजूबाजूला कुणी नाही बघून हळूच सांगितलं, आणि दुकानदारानं न विचारता एक ट्यूब हातात ठेवली. दोन दिवसांत खाज बंद. आठवड्यानं परत सुरू. परत ट्यूब, परत आराम. पुढे जानेवारीत त्रास फारच वाढला म्हणून त्यांनी एका दवाखान्यात जाऊन "खाजेचं इंजेक्शन" घेतलं. त्या रात्री म्हणे आठ महिन्यांत पहिल्यांदा निवांत झोप लागली. तिसऱ्या दिवशी घरच्या मशीनवर शुगर बघितली तर ३८०.

तिथून पुढे आम्ही त्यांना स्किनच्या डॉक्टरकडे नेलं, आणि खाजेमागे एवढा मोठा विषय आहे हे मला पहिल्यांदा कळलं.

विषय छोटा नाहीच. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासानुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस आहे. गोव्यात तर प्रमाण २६.४ टक्के निघालं, देशात सगळ्यात जास्त. आणि यातल्या अनेकांना कधी ना कधी खाजेचा त्रास होतोच. पण सांगणार कोण? शुगरच्या डॉक्टरकडे गेलं की रिपोर्ट दाखवायचा, गोळ्या लिहून घ्यायच्या आणि निघायचं. जांघेतल्या खाजेबद्दल बोलायला लाज वाटते, आणि पाठ खाजते हे सांगण्यासारखं काही वाटत नाही.

डॉक्टरी भाषेत सहा आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेली खाज ही जुनाट खाज. म्हणजे दीड महिना झाला की "होईल बरी" म्हणायची मुदत संपली असं समजायचं.

आता आधी त्या ट्यूबबद्दल बोलू.

ट्यूबमध्ये असतं काय?

मेडिकलमध्ये खाजेसाठी जी मलमं सर्रास दिली जातात, त्यातल्या बऱ्याच मलमांमध्ये तीन औषधं एकत्र असतात. एक बुरशी मारणारं, उदाहरणार्थ क्लोट्रिमाझोल. एक जिवाणू मारणारं, उदाहरणार्थ निओमायसिन. आणि तिसरं स्टिरॉइड, म्हणजे बेक्लोमेथासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासॉल. क्लोबेटासॉल तर या सगळ्यात अतिशय कडक.

ऐकायला भारी वाटतं. काहीही असलं तरी एक बाण लागेलच. पण गडबड इथंच आहे.

स्टिरॉइड काय करतं, तर त्वचेची सूज आणि लाली दाबून टाकतं. त्यामुळे खाज पटकन थांबते. पण खाजेचं कारण बुरशी असेल, म्हणजे आपण ज्याला गजकर्ण किंवा नायटा म्हणतो ते असेल, तर सूज हा शरीराचा त्या बुरशीशी चाललेला लढा असतो. स्टिरॉइड तो लढा थांबवतं आणि बुरशी आरामात पसरत राहते. नायट्याची ती ओळखीची गोल, लालसर कडा पुसट होते, चट्टे वेडेवाकडे होतात आणि डॉक्टरलासुद्धा पटकन ओळखू येत नाही. ट्यूब बंद केली की खाज दुपटीनं परत येते. मग माणूस म्हणतो, "बघा, ट्यूब लावली की बरं वाटतं." आणि परत लावतो.

यात त्वचा पातळ होते. जांघेत जांभळट-पांढऱ्या रेषा पडतात, पोटावर बाळंतपणानंतर पडतात तशा. त्या कायमच्या. मामांच्या जांघेत आहेत.

सरकारला हे माहीत नव्हतं असं नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं १४ स्टिरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये टाकली. म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. त्वचारोगतज्ज्ञांची संघटना त्याच्या आधीपासून याविरुद्ध ओरडत होती. कागदावर नियम चोख आहे. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्ही तुमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन बघू शकता.

या सगळ्याचा एक परिणाम थेट आंतरराष्ट्रीय झाला. भारतात गेल्या दहा-पंधरा वर्षांत नायट्याचा अक्षरशः उद्रेक झाला, आणि बुरशीचा एक नवाच प्रकार पुढे आला ज्यावर टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध बऱ्याचदा चालत नाही. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी त्याला ट्रायकोफायटन इंडोटिनिए असं नाव दिलं. नावातच 'इंडो' आहे. २०२३ मध्ये अमेरिकेनं त्यांच्याकडचे पहिले रुग्ण जाहीर केले. ही बुरशी इतकी चिवट का झाली यामागे स्टिरॉइड मिसळलेल्या मलमांचा बेसुमार वापर हे एक कारण मानलं जातं.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, नाहीतर उद्या कुणीतरी डॉक्टरनं दिलेलं औषध कचऱ्यात टाकेल. स्टिरॉइड मलम हे वाईट औषध नाही. एक्झिमासारख्या आजारात ते नेमकं तेच काम करतं जे करायला हवं. फक्त कुठे, किती दिवस आणि किती कडक हे ठरवणारा माणूस काउंटरच्या पलीकडचा नसावा.

आणि ते इंजेक्शन? मामांना नेमकं काय टोचलं याची चिठ्ठी त्या दवाखान्यानं दिलीच नाही. पण रात्रीत खाज गायब आणि तीन दिवसांत शुगर ३८०, हे बघून आमच्या डॉक्टरनं एकच शब्द उच्चारला, स्टिरॉइड. तोंडावाटे किंवा सुईतून गेलेलं स्टिरॉइड लिव्हरला जास्त साखर सोडायला लावतं आणि इन्सुलिनचा परिणाम कमी करतं. डायबेटिस असलेल्या माणसाची शुगर त्यानं काही तासांतच उसळू शकते. काही इंजेक्शनांचा परिणाम तर आठवडे टिकतो. त्यामुळे खाजेसाठी कुणी सुई काढली, तर नाव विचारायचं आणि आपल्याला शुगर आहे हे आधी सांगायचं.

डॉक्टरनं मामांना चार प्रश्न विचारले

कुठे खाजतं? कधी जास्त खाजतं? घरात अजून कुणाला खाजतं का? आणि गेल्या वर्षभरात कुठली नवीन गोळी सुरू झाली? बस. या चार प्रश्नांमध्ये अर्धं निदान झालं. कारण डायबेटिसमधली खाज हा एक आजार नाही. ती पाच-सहा वेगवेगळ्या कारणांनी येते आणि प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. एकाचं औषध दुसऱ्याला लावलं तर काही फायदा नाही, उलट तोटाच.

सगळ्यात कॉमन आणि सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे कोरडी त्वचा. शुगर वाढलेली असली की लघवीवाटे पाणी जातं. वर्षानुवर्षं शुगर असलेल्यांच्या घामाच्या नसा कमजोर होतात, त्यामुळे पायांना, पोटऱ्यांना घामच येत नाही. वय वाढलं की त्वचेचं तेलही कमी होतं. त्यात मराठवाड्यातली किंवा देशावरची डिसेंबरातली कोरडी हवा आली की पोटऱ्यांवर पांढरे खवले, भेगा आणि खाज. खाजवलं की ओरखडा, ओरखड्यातून जिवाणू आत, आणि शुगर जास्त असेल तर ती जखम लवकर भरत नाही. पायावरच्या साध्या ओरखड्याचं काय होऊ शकतं हे ज्यांच्या घरात शुगरचा पेशंट आहे त्यांना सांगायला नको.

यावरचा उपाय मात्र स्वस्त आहे. अंघोळ कोमट पाण्यानं आणि पाच-दहा मिनिटांत. कढत पाणी अंगावर घेतलं की खाजेला त्या क्षणी फार बरं वाटतं, पण ते उरलंसुरलं तेल धुऊन नेतं आणि तासाभरात जास्त खाजतं. पाण्यात जंतुनाशक टाकून अंघोळ करायची सवय अनेक घरांत आहे, तीही त्वचा कोरडी करते. साबण रोज सगळ्या अंगाला फासायची गरज नाही, काख, जांघ, पाय एवढं पुरतं. आणि अंग टिपल्यावर, त्वचा अजून ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावायचं. महागाचं हवं असं काही नाही. साधी पेट्रोलियम जेली चालते, खोबरेल तेलही चालतं. टाचा आणि पोटऱ्या फारच कोरड्या असतील तर युरिया असलेलं क्रीम डॉक्टर देतात, पण भेगाळलेल्या जागी ते चुरचुरतं. फक्त पायाच्या बोटांच्या बेचक्यात काही चोपडायचं नाही. तिथं ओल राहिली की बुरशी आलीच.

खाज जांघेत, काखेत, स्तनांखाली, पोटाच्या घडीत किंवा बेचक्यात असेल, तर बुरशीचा संशय पहिला. मामांचं हेच होतं. ट्यूब बंद झाली. त्यानंतरचे दहा दिवस वाईट गेले, कारण स्टिरॉइड अचानक थांबलं की खाज उसळतेच. डॉक्टरनं त्वचेचं थोडं खरवडून तपासलं, बुरशी दिसली, मग पोटातून गोळी आणि वरून स्टिरॉइड नसलेलं मलम. मलम फक्त चट्ट्यावर लावायचं नसतं, कडेच्या बाहेर दोन बोटं जागेवरही लावायचं असतं. आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही काही आठवडे चालू ठेवायचं. आपण नेमकं तिथंच सोडतो.

इथं शुगरवाल्यांसाठी एक महत्त्वाची भानगड आहे. बुरशीच्या गोळ्या इतर गोळ्यांशी भांडतात. फ्लुकोनाझोल घेतलं की ग्लिमेपिराइड या शुगरच्या गोळीचा परिणाम वाढू शकतो आणि शुगर एकदम खाली जाऊ शकते. इट्राकोनाझोलचं जमत नाही ते कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी, म्हणजे सिमव्हास्टॅटिन, अॅटोरव्हास्टॅटिनशी. स्नायूंना इजा होऊ शकते. ज्यांचं हृदय कमजोर आहे त्यांनाही इट्राकोनाझोल देताना डॉक्टर दहादा विचार करतात. आता डायबेटिस असलेल्या किती जणांच्या डब्यात ग्लिमेपिराइड आणि अॅटोरव्हास्टॅटिन असतं याचा विचार करा. म्हणून स्किनच्या डॉक्टरकडे जाताना गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्यायच्या. नावं पाठ असायची गरज नाही.

नवी गोळी आणि नाजूक जागेची खाज

हा भाग थोडा अवघड आहे, पण बोललं पाहिजे. लघवीच्या जागी खाज, लाली, दह्यासारखा पांढरा स्राव, पुरुषांमध्ये पुढची कातडी लाल होणं किंवा तिला चिरा पडणं, हे कॅन्डिडा नावाच्या यीस्टमुळे होतं. साखर आणि ओल हे तिचं आवडतं वातावरण. किती तरी लोकांना आपल्याला शुगर आहे हे पहिल्यांदा या खाजेमुळेच कळतं.

पण शुगर कंट्रोलमध्ये असूनही हे होत असेल तर गोळ्यांचा डबा बघायचा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी 'ग्लिफ्लोझिन'नं संपणारी नावं दिसली तर कारण सापडलं असण्याची शक्यता आहे. या गोळ्या किडनीला साखर परत शोषू देत नाहीत, ती लघवीवाटे बाहेर काढतात. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम साखर अशी जाऊ शकते. मग त्या जागी यीस्टची चंगळ होणारच. भारतात डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये संपलं, किमती धाडकन खाली आल्या आणि या गोळ्या खूप जास्त लोकांपर्यंत पोचल्या. त्यासोबत ही खाजही पोचली.

म्हणून गोळी आपणहून बंद करायची का? अजिबात नाही. या गोळ्या हृदय आणि किडनी दोन्हीला वाचवतात, नुसत्या शुगरसाठी दिलेल्या नसतात. बऱ्याचदा यीस्टचं साधं औषध, लघवीनंतर ती जागा पाण्यानं धुऊन कोरडी करणं आणि सुती कपडे एवढ्यावर भागतं. वारंवार व्हायला लागलं तर गोळी बदलायचं डॉक्टर ठरवतील. मात्र त्या भागात खूप दुखणं, सूज आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. तिथं क्वचित फार गंभीर इन्फेक्शन होतं आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्याबद्दल वेगळा इशारा दिलेला आहे.

गोळ्यांचा विषय निघालाच आहे तर अजून एक. 'ग्लिप्टिन'वाल्या गोळ्या, म्हणजे व्हिल्डाग्लिप्टिन, सिटाग्लिप्टिन वगैरे. बहुतेकांना काही होत नाही. पण वयस्कर माणसांमध्ये कधीकधी यांच्यामुळे पाण्याच्या टणक फोडांचा एक आजार होतो, आणि फोड यायच्या आधी कित्येक आठवडे नुसतीच खाज असते.

अंगावर काहीच नाही, तरी खाज

चट्टा नाही, फोड नाही, त्वचा बऱ्यापैकी ठीक, आणि तरी पाठ, छाती, पोट खाजतंय. मुंग्या चालल्यासारखं, सुया टोचल्यासारखं वाटतं. खाजवून समाधानच होत नाही. घरचे म्हणतात, मनाचे खेळ आहेत.

मनाचे नाहीत, नसांचे आहेत. शुगरनं पायाच्या नसा खराब होतात, बधिरपणा येतो हे आपण ऐकलेलं असतं. त्याच खराब नसा खाजेचा खोटा सिग्नलही पाठवतात. जपानमध्ये अडीच हजारांहून जास्त डायबेटिसच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये आला होता. कारण सापडत नाही अशी धडावरची खाज डायबेटिस असलेल्यांपैकी सुमारे ११ टक्के लोकांना होती, नसलेल्यांपैकी सुमारे ३ टक्के. आणि नसा खराब असल्याच्या लक्षणांशी तिचा संबंध दिसला.

अशा खाजेला मलम काय करणार? इथं गॅबापेंटिन किंवा प्रीगॅबालिनसारखी नसांवर काम करणारी औषधं डॉक्टर देतात, तीही किडनी कशी आहे ते बघून, कारण किडनी कमजोर असेल तर डोस बराच कमी लागतो. मेंथॉल असलेलं लोशन तात्पुरता गारवा देतं. आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-१२ तपासून घ्यावं, कारण मेटफॉर्मिननं ते कमी होऊ शकतं आणि नसांचा त्रास वाढतो.

पण अंगावर काही न दिसता खाज असेल तर नसांच्या आधी किडनी तपासायची. किडनी निकामी होत चाललेल्या लोकांमध्ये खाज फार त्रास देते, विशेषतः रात्री आणि पाठीवर. क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, सोबत लिव्हर, थायरॉइड आणि साधं सीबीसी, एवढ्या तपासण्या पुरेशा असतात. डायलिसिसवर असलेल्यांसाठी गॅबापेंटिनचा अगदी छोटा डोस, अल्ट्राव्हायोलेट किरणांचा उपचार असे मार्ग आहेत. २०२१ मध्ये अमेरिकेत डिफेलिकेफालिन नावाचं खास याच खाजेचं इंजेक्शनही मंजूर झालं.

मग ती झोपेची खाजेची गोळी, म्हणजे अॅलर्जीची गोळी? ती पित्त उठल्यावर छान काम करते. पण कोरडी त्वचा, बुरशी, नसा, किडनी यांच्या खाजेत हिस्टामिन हा मुख्य खलनायकच नसतो. त्यामुळे गोळीनं झोप लागते, खाज जात नाही. हायड्रॉक्सिझिनसारख्या जुन्या गोळ्यांनी वयस्कर माणसांना लघवी अडकू शकते, रात्री उठल्यावर तोल जाऊ शकतो.

राहिला तिसरा प्रश्न, घरात अजून कुणाला खाजतं का. रात्रीच खाज, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुळ्या, आणि नातवालाही तेच, तर ती शुगरची खाज नाही, खरूज आहे. पर्मेथ्रिन क्रीम मानेपासून पायाच्या नखापर्यंत रात्रभर, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी, आठवड्यानं परत एकदा. लहान बाळ किंवा गरोदर बाई घरात असेल तर आधी डॉक्टरला विचारून. एकट्यानं लावली तर पंधरा दिवसांत परत.

आमच्याकडे या प्रश्नावर मामी गप्प बसली होती. मग हळूच म्हणाली, "मलाही आहे थोडं." टॉवेल एकच होता आणि ट्यूबही एकच. दोघांची ट्रीटमेंट एकदम सुरू झाली. टॉवेल वेगळे, आतले कपडे वेगळे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचे, ओल्या अंगावर कपडे घालायचे नाहीत. डॉक्टरनं मामांना करदोडाही काढायला सांगितला, कारण त्या दोऱ्यात बुरशी बसून राहते आणि चट्टा गेला तरी कमरेवर परत उगवते. यावर मामा पाच मिनिटं वाद घालत होते.

बुरशीचा कोर्स अकरा आठवडे चालला. शुगर खाली यायला साधारण महिना लागला. पाठीवरची कोरडेपणाची खाज अजून अधूनमधून असते, अंघोळीनंतर तेल लावायचं राहिलं की त्याच दिवशी कळतं असं मामी सांगते. करदोडा निघाला. रेषा तशाच आहेत.